‘मंजूर’वरची टीका

आमच्या तात्यांचा आवाज साखर कारखान्याच्या मालकीचा होता. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. कागदावर असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण आमचा सगळा ऊसपट्टा तसंच मानायचा. वर्षातून एकदा कारखान्याच्या पटांगणात मांडव पडायचा, सभासदांची सर्वसाधारण सभा भरायची आणि सेक्रेटरी विषय वाचायला उभे राहायचे. ‘विषय क्रमांक दोन. मागील सभेचे इतिवृत्त वाचून ते...’ एवढं होईतो मागच्या खांबापासून तात्यांचा आवाज निघायचा, ‘मंजूऽऽर.’ त्यातला तो ‘जू’ मांडवाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रेल्वेच्या शिट्टीसारखा जायचा. त्याच्यामागून सगळा मांडव ‘मंजूर, मंजूर’ करायचा आणि सेक्रेटरी पुढच्या विषयाकडे वळायचे. त्या सभेत वाक्याचं क्रियापद कुणी कधी ऐकलंच नाही.

या कामाची तात्यांना फार प्रतिष्ठा वाटायची. सभेच्या आदल्या दिवशी ते ताक पीत नसत. सकाळी ज्येष्ठमधाची काडी चघळत ओसरीवर बसायचे आणि त्यांच्याशी कुणी बोललं की मानेनंच उत्तर द्यायचे. थोरल्या आई, म्हणजे माझी चुलती, चुलीपुढून म्हणायच्या, “बोलू नका गं त्यांच्यासंगं. आज गळा कारखान्यात जमा हाय.” मी लहानपणापासून तात्यांची नक्कल करत आले आहे आणि ती मला अजून चांगली साधते. माझ्या मुलांनी तात्यांना पाहिलं नाही, पण ‘मंजूऽऽर’ ती तिघंही बिनचूक म्हणतात.

गोष्ट आहे दुष्काळाची ती भयंकर वर्षं लागायच्या आधीच्या हिवाळ्यातली. आमच्या गावापासून जवळच कारखान्याच्या आधारानं नवं कॉलेज निघालं होतं. कारखान्याचे चेअरमन हेच कॉलेजच्या स्थानिक समितीचेही चेअरमन होते. पतपेढीचे तेच, देवळाच्या जीर्णोद्धाराचे तेच आणि कुस्त्यांच्या फडाचेही तेच. माझ्या वडिलांनी मला शिकवायचं ठरवलं तेव्हा तात्या विरोधात होते. म्हणजे घरात. घरात ते कशाच्याही विरोधात असायचे. पण चेअरमन म्हणाले, कॉलेजात मुली दिसल्या पाहिजेत, आणि तात्यांनी ते लगेच मंजूर केलं. वर्गात आम्ही मुली मोजक्याच. दाराजवळच्या बाकावर बसायचो आणि तास संपला की आधी बाहेर पडायचो.

त्या वर्षी समाजशास्त्राला एक नवे सर आले. नगरच्या ख्रिस्ती घरातले. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. सर किडकिडीत होते, बोलताना खडूचा तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात टाकत राहायचे. त्यांची नेमणूक एका वर्षापुरती होती. आधीच्या दोन कॉलेजांनी त्यांना उन्हाळ्यात ‘पुढील वर्षी आवश्यकता नाही’ असं कळवलं होतं, कारण वर्गात ते जे शिकवायचे ते कुणीतरी वर्गाबाहेर नेऊन सांगायचं. आता पत्नीला आमच्याच गावच्या प्राथमिक शाळेत जागा मिळाली होती, बिऱ्हाड नुकतं लागलं होतं. इथून तिसऱ्यांदा उठावं लागलं असतं तर ते शिकवणं सोडून देणार होते. हे त्यांच्या पत्नीनंच थोरल्या आईंना पाण्याच्या हौदावर सांगितलं होतं, आणि थोरल्या आईंना सांगितलेलं आम्हा सगळ्यांना माहीत असायचं.

सर शिकवायचे ते राजकीय समाजशास्त्र. हा शब्दच आम्हाला नवा. राज्यशास्त्राचे मास्तर म्हणायचे, हा आमच्या शेतात बांध कोरतोय. पण आम्ही त्या तासाला जादूचे खेळ बघायला जावं तसे जायचो. एकदा त्यांनी विचारलं, शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत, तर चोराला अडवतं कोण? एक मुलगा म्हणाला, शनिदेव. सर म्हणाले, बरोबर. पण तुझ्या घराला तर दार आहे, कडी आहे, कुलूप आहे, म्हणजे शनिदेव तुझ्याकडे येत नाहीत का? वर्ग हसला. मग ते म्हणाले, दंडुका उगारून आज्ञा पाळून घेणं हे सत्तेचं अगदी बाळबोध रूप. दार नसलेल्या घरात पाऊल टाकायचं माणसाच्या मनातच येत नाही, तिथे सत्तेची ताकद खरी कळते. माणसं आज्ञा का पाळतात, या एका प्रश्नावर जगातल्या पंडितांनी आयुष्यं घालवली आहेत. मी घरी आले आणि आमच्या घरातल्या दाराकडे किती तरी वेळ बघत राहिले. जन्मापासून त्या दारातून आत-बाहेर करत होते. ते दार आहे, हे त्या दिवशी दिसलं.

सिद्धांत म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला गवंड्याकडून शिकवलं. कॉलेजच्या नव्या हॉलचं बांधकाम शेजारी चालू होतं. सरांनी खिडकीतून हात बाहेर काढून गवंड्याकडे ओळंबा मागितला आणि वर्गाच्या भिंतीला लावून धरला. डोळ्यांना सरळ दिसणारी भिंत वरच्या अंगाला चांगली बोटभर पुढे आलेली. आम्ही थक्क झालो, आणि त्या भिंतीखाली बसणारी मुलं जरा सरकून बसली. सर म्हणाले, सिद्धांत म्हणजे हा ओळंबा. भिंत पाडणं हे त्याचं काम नाही, त्याचं भिंतीशी वैरही नाही. मग त्यांनी ओळंबा खिडकीच्या वाऱ्यात धरला. तो हलायला लागला आणि भिंत कधी आत, कधी बाहेर दिसायला लागली. “आणि हेही लक्षात ठेवा. ओळंबासुद्धा तपासून घ्यावा लागतो. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी उसाचं कांडं पाहिलेलं नाही.” खिडकीबाहेर गवंडी हात पुढे करून उभाच होता, त्याला त्याचा ओळंबा परत हवा होता.

हॉल उभा राहिला. गिलावा ओला होता, भिंतींवर भिजवलेली गोणपाटं टांगलेली होती, तरी चेअरमनना घाई होती, कारण कुणी मंत्री उद्‍घाटनाला येण्याआधी एखादा कार्यक्रम करून हॉलचं नवखेपण घालवायचं होतं. प्राचार्यांनी सरांना व्याख्यान द्यायला सांगितलं. सरांनी विषय दिला आणि शिपायानं तो जसाच्या तसा फळ्यावर लिहिला: ‘सहकारातील सत्ता: एक टीका.’

प्राचार्यांनी तो फळा वाचला तेव्हा निमंत्रण जाऊन चुकलं होतं. ते घाम पुसत कारखान्यावर गेले, विषयात थोडा बदल आहे असं सांगायला. पुढचं सगळं कारखान्याच्या टायपिस्टनं गावभर सांगितलं. चेअरमन म्हणाले, “बदल कशाला? पोथीवर टीका असते, तशी सहकारावर टीका. ओवी घ्यायची आन् अर्थ सोडवून सांगायचा. आजवर कुनाला सुचलं न्हाई हे. मी येनार, आन् सगळ्या सभासदांना बी घेऊन येनार.”

चेअरमन खरोखरच चुकले, की चुकल्यासारखं दाखवून त्यांनी प्राचार्यांचा घाम बघून घेतला, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या देवळात रोज पोथी लागायची आणि टीका म्हणजे काय हे त्यांना प्राचार्यांपेक्षा जास्त कळत होतं, एवढं खरं. गावानं मात्र तो अर्थ मनापासून घेतला. व्याख्यानाच्या दुपारी माणसं आंघोळी करून, धुतली धोतरं नेसून आली. कुणी तरी टेबलावर नारळ आणून ठेवला. एका म्हातारबाबांनी सरांच्या पाया पडायला सुरुवात केली तेव्हा सर दोन पावलं मागे सरकले. सरांच्या पत्नी दारापाशी आम्हा मुलींत बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

तात्या अर्थातच मागच्या खांबाशी बसले होते. प्राचार्य उभे राहिले आणि म्हणाले, “आजच्या सभेचे अध्यक्षस्थान माननीय चेअरमनसाहेबांनी...”

“मंजूऽऽर.”

हॉल नवा होता, रिकाम्या भिंतींनी तो ‘जू’ दोनदा परत पाठवला. माणसं खूश झाली. तात्यांनी फेटा सारखा केला.

सर उभे राहिले. हातात कागद नव्हता, खडू होता. म्हणाले, “माझे वडील रविवारी शास्त्रातलं एक वचन घ्यायचे आणि त्यातला एकेक शब्द सोलून दाखवायचे. त्याला तेसुद्धा टीकाच म्हणायचे. साहेबांना जी टीका अपेक्षित आहे, तीच मी करणार आहे. वचन एका शब्दाचं आहे. आत्ताच आपण ते ऐकलं.” आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मंजूर.

नंतरचा तासभर मी कुठे होते ते मला सांगता येत नाही. शरीर दाराजवळच्या सतरंजीवर होतं. ज्या शब्दाची मी नक्कल करत आले होते तो शब्द हा माणूस संत्र्यासारखा सोलत होता. म्हणाला, हा शब्द व्यासपीठावरून येत नाही, मागून येतो. म्हणजे सत्ता खुर्चीत बसलेली असते असं जे आपण समजतो ते अर्धंच खरं. अर्धी सत्ता मागच्या खांबाजवळ बसते. मग म्हणाला, आणि तो वाक्य पुरं व्हायच्या आधी येतो. विषय काय आहे हे कळण्याआधी ज्याला आपण होकार देतो, तो होकार विषयाला नसतो, वाचणाऱ्याला असतो. आणि तो दडपणानंच दिलेला असतो असंही समजू नका. त्यात प्रेम असतं, भरवसा असतो. या पट्ट्यात माळावर ऊस उभा राहिला तो त्या भरवशावरच. हे ऐकून चेअरमननी मान डोलावली.

मग सरांनी आवाज खाली आणला. म्हणाले, दूर परदेशात सध्या विद्वानांचा एक वाद चालला आहे. एक पक्ष म्हणतो, सत्ता कुणाची हे बघायचं तर सभेत कुणाचं म्हणणं पास होतं ते बघा. दुसरा पक्ष म्हणतो, असं नव्हे, कोणता विषय सभेत येतच नाही ते बघा. “आपल्या विषयपत्रिकेत शेवटी काय असतं? ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ असा विषय आजवर कुणी आणलेला कुणाला आठवतो?”

गोणपाटातून पाणी गळत होतं ते ऐकू यायला लागलं.

“आणता येत नाही, कारण परवानगी मागायला उभं राहावं लागतं. उभा राहिलेला माणूस सगळ्यांना दिसतो. बसून ओरडणारा कुणाला दिसत नाही.”

मी तात्यांकडे पाहिलं. ते फळ्यावरच्या शब्दाकडे बघत होते. आपलंच नाव दुसऱ्याच्या दारावर लिहिलेलं दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

सर खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना, कारण सगळे चेअरमनकडे बघत होते आणि चेअरमन नारळाकडे. मग ते सावकाश उठले. ते नाटकी माणूस होते, शांततेला पिकू द्यायचे.

“सरांनी पोथी लई झ्याक सोडवली,” ते म्हणाले. “आता अध्यक्ष म्हनून मी बी एक विषय मांडतो. खरं तर समितीचा विषय हाय, पर हितं सगळीच मंडळी बसलीत. हे सर आपल्याकडं टेंपरवारी हायेत. त्यांना पुढच्या सालापासून कायम करावं, असा...”

“मंजूऽऽर.”

तात्यांचं तोंड उघडून बंदही झालं होतं. त्यांच्यामागून सगळा हॉल गरजला, ‘मंजूर, मंजूर.’ सरांच्या पत्नींनी माझा हात आणखी घट्ट धरला. चेअरमननी दोन्ही हात पसरले आणि हसले. “बघा सर. एवढी टीका केली, पर तुमची भाकर बी ह्या मंजूरवरच भाजली.”

हॉलमध्ये जो हशा पिकला तो मी विसरणार नाही. सरसुद्धा हसले असते तर गोष्ट तिथेच संपली असती, गोड संपली असती. नोकरी पदरात पडली होती. पण ते उभे राहिले. खडू या हातातून त्या हातात जायचा थांबला होता.

“साहेब, वाक्य पुरं झालेलं नाही.”

“म्हंजी?”

“आपण ते पुरं करावं. आणि मग विरोधात कोण आहे, तेही विचारावं.”

माझ्या शेजारी त्यांच्या पत्नींनी डोळे मिटून घेतले. प्राचार्य खुर्चीत असे खाली घसरले की फक्त टोपी दिसत होती. चेअरमननी सरांना न्याहाळलं. आखाड्यात जोड बघतात तसं. मग घसा साफ करून म्हणाले, “सरांना पुढच्या सालापासून कायम करावं, असा ठराव मी सभेपुढं ठेवतो.” थांबले. पुढचे शब्द त्यांच्या तोंडाला सवयीचे नव्हते. “विरोधात कोन हाय?”

आणि मागच्या खांबाजवळ एक हात वर गेला.

आधी तो खांद्यापर्यंत आला, तिथे अडखळला, मग वर गेला. बाहीतून मनगट बाहेर आलं होतं. माझ्या तात्यांचा हात. एवढ्यावर थांबले नाहीत. ते उभे राहिले. इतकी वर्षं सगळ्या पट्ट्यानं ऐकलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा दिसला, आणि तो इतका बुटका आहे हे बघून लोकांना नवल वाटलं.

चेअरमन म्हणाले, “अरे, आत्ता तर तू मंजूर म्हनलास.”

“म्हनलो साहेब. तवा इचारलं न्हवतं.”

“सरांनी काय वाकडं केलंय तुझं? तुझीच पुतनी शिकती त्यांच्याकडं.”

“सरांवर राग न्हाई. मानूस लाखाचा हाय.” आवाज तोच, पण त्यातला ‘जू’ गेला होता. “पर उभ्या जन्मात ‘विरोधात कोन’ म्हनून आमाला कुनी इचारलं न्हवतं. आज इचारलंय, तर एक तरी हात वर पायजे. न्हाईतर इचारनाऱ्याची काय पत ऱ्हायली?”

आता हसायचं की घाबरायचं हे कुणालाच ठरवता येईना. मला तात्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच क्षणी माझ्या अंगावर काटाही उभा राहिला होता. पुस्तकातलं काहीतरी, जर्मनीत की अमेरिकेत कुणी लिहिलेलं, सरांच्या खडूतून येऊन आमच्या घरातल्या एका माणसाच्या दंडात शिरलं होतं आणि त्यानं तो दंड वर उचलला होता. विचारानं माणसाचा हात हलतो हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सर हात जोडून उभे होते, तात्यांकडे तोंड करून. चेअरमन प्राचार्यांकडे वळले. “लिहून घ्या. एक विरोधात.” मग नारळ उचलला, तो सरांच्या हातात दिला आणि चपला घालून निघून गेले.

पुढचा महिना आमच्या घरात फार वाईट गेला. चेअरमन बोलून गेले ते नाटक होतं की ठराव, हे कुणाला माहीत नव्हतं. खरा निर्णय समितीत व्हायचा होता. मी तात्यांशी बोलत नव्हते. थोरल्या आई ताट त्यांच्यापुढे आपटून ठेवायच्या आणि म्हणायच्या, “त्या बाईचं मांडलेलं बिऱ्हाड उठलं तर तुमच्या हाताला मी चटका देईन.” तात्या निमूट जेवायचे. एकदा न सांगता काकवीची घागर घेऊन सरांकडे जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. सरांनीच पुढे वर्गात सांगितलं. तात्या दारात उभे राहून म्हणाले होते, साहेबांकडं जाऊन हात मागं घिऊ का? आणि सर म्हणाले होते, तो हात खाली आला तर मी स्वतःच राजीनामा देईन.

उन्हाळ्याच्या तोंडाशी समिती बसली. प्राचार्य बाहेर आले आणि त्यांनी सरांना व्हरांड्यातच सांगितलं, तुम्ही कायम झालात. चेअरमननी स्वतः विषय मांडला होता आणि तो वाचताना आधीच सांगितलं होतं, इतिवृत्तात ‘एकमताने’ लिहू नका, ‘बहुमताने’ लिहा. कारण व्याख्यानाच्या दिवशी हॉलमध्ये जमलेल्या सभासदांत एक जण विरोधात होता. सरांनी तो शब्द प्राचार्यांना पुन्हा म्हणायला लावला. नंतर आयुष्यभर, अगदी निवृत्तीच्या समारंभातसुद्धा, ते स्वतःची ओळख करून देताना म्हणायचे, मी बहुमताने कायम झालेला शिक्षक आहे. नारळाची करवंटी त्यांच्या टेबलावर खडू ठेवायला होती.

राहिली कारखान्याची सभा. त्या सभेला मी नव्हते, पण तात्यांनी घरी येऊन ती ओसरीवर सगळीच्या सगळी करून दाखवली आणि तेव्हापासून मीही ती करून दाखवत आले आहे. आदल्या दिवशी तात्या ताक प्यायले होते. मांडवात ते खांब सोडून मधे बसले. सेक्रेटरी उठले. ‘विषय क्रमांक दोन. मागील सभेचे इतिवृत्त वाचून ते...’ आणि सवयीनं थांबले. मागून काहीच आलं नाही. सेक्रेटरींनी मान वर केली. माणसं खांबाकडे वळून बघायला लागली. व्यासपीठावर चेअरमन डोळे बारीक करून तात्यांना शोधत होते. तात्या स्वतः श्वास धरून बसले होते.

मग सेक्रेटरींनी चष्मा नीट केला, कागद जवळ घेतला आणि वाक्य शेवटपर्यंत वाचलं.

“लई लांब हुतं गं ते,” तात्या मला म्हणाले. “मला वाटलं हुतं, लगीच संपत असंल.”